रिकामा फिल्टर

मंगळवार, ४ फेब्रुवारी

गाडी आज पुन्हा लंगडली. हॉस्पिटलच्या चढावर आधी पिवळा दिवा लागला, मग लाल, आणि इंजिनाने स्वतःच ताकद कमी करून घेतली. दादा पहिल्या गिअरमध्ये रडतखडत वर पोचला तोवर ऑपरेशन थिएटरच्या चादरींना बराच उशीर झाला होता. मोठ्या सिस्टर त्याला म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर आम्हाला दुसरी लाँड्री बघावी लागेल." आवाज चढवला नाही. दादा म्हणतो, ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आमच्या लाँड्रीचं निम्म्याहून जास्त काम त्या एका हॉस्पिटलचं आहे. ते गेलं तर खाली काम करणाऱ्या बायकांपैकी कोणाला ठेवायचं आणि कोणाला नाही, हे बाबांना ठरवावं लागेल. त्यांना असलं काही ठरवता येत नाही.

दोष कुठे आहे ते मला माहीत आहे. पिकअपच्या सायलेन्सरच्या वाटेत एक डबा असतो, फिल्टरचा. त्यात मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी असते. डिझेलची काजळी ती अडवते, आणि गाडी लांब, वेगात पळाली की तापून ती काजळी जाळून टाकते. आमची गाडी लांब जातच नाही. लाँड्री ते हॉस्पिटल दहा मिनिटं, आणि एरवी मागच्या शेडमध्ये चालू इंजिनावर उभी, कारण इंजिन बंद केलं की मागची लिफ्ट ट्रॉल्या उचलत नाही. डबा तापत नाही, काजळी जळत नाही, जाळी तुंबते. यात गाडीची काही चूक नाही.

दादाला मी सांगितलं होतं, आठवड्यातून एकदा हायवेवर नेऊन अर्धा तास पळव. तो दोनदा गेला. दुसऱ्यांदा वाटेत फोन आला म्हणून परत फिरला.

"काढूनच टाक ना तो डबा," जेवताना तो म्हणाला. "सगळे काढतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"सगळे म्हणजे सगळे, मॅडम."

बाबांनी ताटातून मान वर केली. "काढला तर गाडी चालेल का पण?"

"आणखी चांगली चालेल," मी म्हणाले. ते खरं आहे, म्हणून म्हणाले.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

नवीन फिल्टरची चौकशी केली. मी काम करते त्या सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं तर मिळेल, पण सहा आठवडे लागतील. सहा आठवडे सिस्टर थांबणार नाहीत.

डबा रिकामा करून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं आमच्याकडेही येतात. साहेबांचा नियम आहे, नाही म्हणायचं आणि कारण समजावून सांगायचं. गेल्या महिन्यात एका वाळूवाल्याला मीच समजावलं होतं. बेकायदेशीर आहे, तपासणीत अडकाल, आणि ही काजळी इतकी बारीक असते की नाकातल्या केसांना जुमानत नाही. तो म्हणाला, "ताई, तुम्ही छान बोलता." आणि दुसऱ्या गॅरेजात गेला.

ती गाडी दिवसभर शहरात फिरते. आमची फक्त दहा मिनिटं जाते आणि येते. तुलना होऊ शकत नाही.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. बरोबर आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

झालं. लाँड्री बंद असते म्हणून आज. सकाळी सुरुवात केली, जेवायच्या आधी संपलं.

डबा उतरवला. ग्राइंडरने शिवण कापली आणि छिन्नीने आतली जाळी फोडून काढली. मऊ, काळी पूड निघते. छातीत गेली की बाहेर येत नाही, म्हणून मास्क लावला होता आणि दादाला फाटकापाशी उभं केलं होतं. तुकडे दुहेरी पिशवीत बांधले. मग शिवण परत वेल्ड केली, घासली, वर रंग मारला. बाहेरून डबा जसाच्या तसा दिसतो. वेल्डिंग चांगलं जमलंय. एका रेषेत.

शेवटी लॅपटॉप जोडून इंजिनाच्या संगणकाला समजावलं की फिल्टर आहे, स्वच्छ आहे, आणि त्याच्याबद्दल यापुढे काही विचारायचं नाही.

मी जाळी फोडत असताना मावशी आल्या, विसरलेला चष्मा न्यायला. मावशी म्हणजे आमच्या इस्त्रीच्या रोलरवरच्या. नात्याने त्या कोणाच्याच मावशी नाहीत, पण बाबासुद्धा त्यांना मावशीच म्हणतात. मी शाळेत होते तेव्हापासून त्या आहेत. माझा गणवेश त्यांच्या हाताखालून जायचा, आणि घरी वेणी घालणारं कोणी उरलं नाही तेव्हा वेणीही. त्यांचे हात नेहमी गरम असायचे. हे इथे लिहायचं काही कारण नाही.

"काय फोडतेस, इंजिनेरबाई?"

"गाडीचं नाक चोंदलं होतं."

"म्हणून नाकच कापलं?" त्या हसल्या आणि चष्मा घेऊन गेल्या.

बुधवार, १२ फेब्रुवारी

गाडी चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढते. दिवा लागलेला नाही. डिझेलही कमी लागतंय असं दादा म्हणतो. ते मोजायला अजून दिवस हवेत. सकाळी शेडमध्ये गाडी चालू असताना मी मागे उभी राहून पाहिलं. धूर दिसत नाही. एकदम जोर दिला तरच एक काळा फुगा येतो आणि विरतो.

बाबा म्हणाले, "शिकवल्याचा उपयोग झाला." त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकलं. मी "हं" म्हटलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

हॉस्पिटलने आज एक गठ्ठा परत पाठवला. चादरी वेळेवर पोचल्या होत्या, पण पांढऱ्या नाहीत म्हणे. मी उजेडात धरून पाहिल्या. डाग नाहीत. सगळीकडून सारखीच, अगदी हलकी राखाडी. जुन्या नेहमीच्या चादरीशेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही. सिस्टरांना कळलं.

बाबांनी साबण बदलायला सांगितलं.  संध्याकाळी मी परतले तेव्हा दादा शेडची मागची भिंत पाण्याने धूत होता. त्याला स्वच्छतेचं वेड कधीपासून लागलं, कोण जाणे.

मावशी खोकत होत्या. हवा बदलतेय.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आणखी दोन गठ्ठे परत आले. सिस्टरांनी दादाबरोबर निरोप पाठवलाय: या महिनाअखेरपर्यंत वाट बघू. दादाने निरोप सांगितला आणि बाहेर निघून गेला. बाबा रात्री जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले.

आपण काहीतरी केल्याशिवाय हे सुटणार नाही. खाली सगळे अंदाजाने बोलतात. कोणी म्हणतं पाणी, कोणी म्हणतं साबण, एक बाई म्हणाली दृष्ट. मी पद्धतशीर बघायचं ठरवलंय. कापड जिथे जिथे जातं तिथे तिथे एक नमुना घ्यायचा. धुण्यानंतर, ड्रायरनंतर, इस्त्रीनंतर. राखाडी जिथे पहिल्यांदा दिसेल तिथेच दोष.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

दोन दिवस सकाळी कामावर जायच्या आधी नमुने घेतले.

पाणी: स्वच्छ. फिल्टर पेपरवर काही राहत नाही.
धुतलेली चादर, ओली: पांढरी.
ड्रायरमधून निघालेली, चुरगळलेली: पांढरी वाटते.
रोलरमधून निघालेली, सपाट: राखाडी.

म्हणजे दोष इस्त्रीत आहे. रोलरवरचं जाड कापड काढून पाहिलं तर तेही मळकट निघालं. ते वेळच्या वेळी बदलणं मावशींचं काम आहे. त्यांना नीट दिसत नसावं; चष्मा त्या सारखा विसरतात. आणि त्या रोलरवर वाकून खोकतात, तेही बरोबर नाही.

मी हे सगळं एका कागदावर लिहून बाबांना दिलं. कोणाचं नाव लिहिलं नाही. लिहिण्याची गरज नव्हती.

बाबांनी कागद खालपर्यंत वाचला. "खात्री आहे ना?"

"नमुने तसं दाखवतात."

"मी नमुन्यांचं विचारत नाहीये."

"खात्री आहे," मी म्हणाले.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

बाबांनी मावशींना आत बोलावलं तेव्हा मी तिथेच होते. खरं तर कामावर निघायला हवं होतं. बाबा म्हणाले, आता तुम्हाला उभ्याने काम झेपत नाही, थोडी विश्रांती घ्या, वगैरे. माझा कागद टेबलावर होता. मावशींनी तो उचलला, चष्म्याशिवाय लांब धरून पाहिला आणि परत ठेवला.

"बरं," त्या म्हणाल्या.

त्यांनी आपली पाण्याची बाटली घेतली आणि रोलरखालचं पायाखाली घ्यायचं फळकुट घेतलं. ते त्यांनी स्वतः घरून आणलेलं होतं. दारात माझ्याजवळ थांबल्या. मला वाटलं काही बोलतील. त्यांना खोकल्याची उबळ आली, ती ओसरेपर्यंत थांबल्या आणि गेल्या.

कामावर एका गाडीचं वायरिंग चुकीचं जोडलं. परत उघडून नीट केलं.

शनिवार, १ मार्च

निष्कर्ष सिद्ध झाला. रोलरला नवीन कापड लावलं, तिथे तरुण बाई उभी केली, आणि आजच्या चादरी स्वच्छ पांढऱ्या निघाल्या. हॉस्पिटलने जुन्या मळक्या बाद करून नव्याकोऱ्या चादरी दिल्या होत्या, तरी मी मुद्दाम काळजीपूर्वक पाहिलं. राखाडीचा मागमूस नाही. ब्रेकसाठी पिकअप गॅरेजात आहे म्हणून दादाने मित्राचा टेम्पो आणला होता. तो फाटकाबाहेरच उभा करावा लागला, पण माल वेळेवर गेला. सिस्टरांनी "हां, असं" म्हटलं म्हणे.

बाबांनी मान हलवली. आनंद झालेला दिसला नाही. मलाही झाला नाही, पण तो मुद्दा नाही.

नवी बाई वेगाने काम करते. खोलीत एकदम शांत वाटतं. एवढी शांतता कशाची, हे मला दुपारपर्यंत कळलं नाही. खोकला नव्हता.

सोमवार, ३ मार्च

राखाडी.

नवं कापड, नवी बाई, नव्या चादरी. तरी राखाडी. शनिवारी पांढऱ्या, आज नाही.

मी शनिवारची नोंद पुन्हा वाचली. त्या दिवशी तीन गोष्टी बदलल्या होत्या: रोलरवर ना मावशी होत्या ना जुनं कापड, चादरी नव्या होत्या, आणि गाडी नव्हती. तिन्ही मी माझ्याच हाताने लिहिल्यात. निष्कर्ष एकाच गोष्टीवरून काढला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला यावर शून्य देतात.

गाडी आज परत आली.

रात्री मलाही जेवण गेलं नाही. पोट बरं नाही म्हणाले.

मंगळवार, ४ मार्च

रजा टाकली.

गाडी शेडमध्ये नेहमीसारखी मागे घेऊन लावली होती, इंजिन चालू, लिफ्ट वर-खाली. मी आत ड्रायरांच्या मागे गेले. तिथे मी लहानपणी लपायचे. त्यानंतर कधी गेले नव्हते. ड्रायर गरम हवा बाहेर टाकतात हे सगळ्यांना माहीत आहे. ती हवा कुठून तरी आत यायला हवी, हे मला माहीत असायला हवं होतं. ती येते शेडच्या भिंतीतल्या आडव्या पट्ट्यांच्या खिडकीतून. बाहेरच्या बाजूला त्या खिडकीपासून हातभर अंतरावर आमच्या गाडीचा सायलेन्सर असतो.

खिडकीपाशी हात धरला. हवा इतकी जोरात आत ओढली जात होती की बाही चिकटली.

पांढरा रुमाल पट्ट्यांवर टेकवला. धरायचीही गरज पडली नाही, तो तिथेच चिकटून राहिला. गाडी भरून होईपर्यंत थांबले आणि मग काढला. रुमालावर खिडकीच्या पट्ट्या उमटल्या होत्या, काळ्या, एका रेषेत.

धुतलेली चादर ओली आणि पांढरी असते. ड्रायरमध्ये ती हवा तिच्यातून सतत आरपार जाते. बाहेर आल्यावर राखाडी असतेच, पण चुरगळलेल्या कापडाच्या सावल्यांत ती दिसत नाही. रोलरखाली सपाट झाली की दिसते. दोष रोलरने केला नव्हता, फक्त दाखवला होता.

मी डब्यातून फिल्टर काढला आणि हॉस्पिटलच्या चादरींचा फिल्टर केला. आणि ज्या दारातून शेडमध्ये ट्रॉल्या जातात, त्या दारात रोलर आहे. रोलरपाशी आठ तास उभं कोण असायचं ते लिहीत नाही.

बुधवार, ५ मार्च

दादाला रुमाल दाखवला. त्याने नीट पाहिलाही नाही.

"तुला माहीत होतं."

"माहीत नव्हतं."

"मग भिंत का धूत होतास?"

तो गाडीच्या टायरकडे बघत राहिला. "भिंत काळी होत होती म्हणून."

"आणि मावशींना काढलं तेव्हा?"

"तू कागद लिहिला होतास. मला वाटलं, मॅडमनी तपासलंय म्हणजे तसंच असेल." मग थोड्या वेळाने म्हणाला, "डबा काढ असं मीच म्हटलं होतं ना. मग कुठल्या तोंडाने बोलू?"

मी त्याच्यावर चिडले नाही. चिडायला जागा शिल्लक नव्हती.

गाडी बंद करून चावी माझ्याकडे ठेवली. दादाने मित्राचा टेम्पो पुन्हा मागितला. मित्र म्हणाला, "तुझी गाडी काय दागिना आहे का, घरात ठेवायला?"

गुरुवार, ६ मार्च

मावशींच्या घरी गेले. दोन गल्ल्या पलीकडे राहतात, पण मी पूर्वी कधी आत गेले नव्हते. सूनबाईंनी दार उघडलं.

"चपला आत घे," मावशी आतून म्हणाल्या. "कुत्रं पळवतं."

मी खुर्चीवर बसले. काय बोलायचं ते क्रमाने ठरवून गेले होते.

"मावशी, चादरी तुमच्यामुळे खराब होत नव्हत्या."

"ते मला माहितेय."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू कागदावर लिहून आणलं होतंस. माझ्याकडे कुठे कागद होता?"

सूनबाई चहा ठेवून गेल्या. मी गाडीचं सांगितलं. फिल्टर म्हणजे काय, ड्रायर हवा कशी ओढतात, रुमालावर काय उमटलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"हे तू केलंस ते तेव्हाच ना, मी चष्मा न्यायला आले होते तेव्हा?"

"हो."

"तोंडाला फडकं बांधून बसली होतीस."

"हो," मी म्हणाले.

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. साय आली होती.

"आता खोकला पुष्कळ कमी आहे हां," सूनबाई आतून म्हणाल्या. "मधे तर घरात कोणाला झोपू देत नव्हता."

मी बसले तेवढ्या वेळात मावशी एकदाही खोकल्या नाहीत. मी ऐकत होते. ही चांगली गोष्ट आहे, आणि ती ऐकताना मला जे वाटत होतं त्याला मी नाव देणार नाही.

"परत याल का?" मी विचारलं. "रोलर दारातून हलवू. फिल्टर बसेपर्यंत गाडी शेडमध्ये येणार नाही."

"ज्यांनी जा म्हटलं, त्यांनी ये म्हणावं. तू वकिली करू नकोस." मग म्हणाल्या, "वेणी सुटलीये तुझी."

मी म्हटलं, घरी जाऊन घालते.

शुक्रवार, ७ मार्च

साहेबांना सांगितलं. फिल्टर हवा आहे, लवकर.

"कोणाच्या गाडीला?"

"आमच्या."

"आधीचा कुठे गेला?"

"मी काढला."

ते काचेबाहेर बघत राहिले. तिथे गाड्या उभ्या होत्या. अपघातात मागून ठोकलेल्या एका पिकअपचा फिल्टर शाबूत आहे, तो देतो म्हणाले. आणि पुढचा महिनाभर मी तपासणीच्या मशीनवर बसायचं नाही, गाड्या धुवायच्या. मी "ठीक आहे" म्हटलं. ते म्हणाले, "वाळूवाल्याला तू किती चांगलं समजावलं होतंस. मला वाटलं होतं, ही तरी." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. त्यापेक्षा गाड्या धुणं परवडलं.

रविवार, ९ मार्च

बाबांना सगळं सांगितलं. रुमाल समोर ठेवला. त्यांनी तो घडी घालून पाहिला, उलगडून पाहिला, लाँड्रीवाले पाहतात तसा.

"मी विचारलं होतं, गाडी चालेल का," ते म्हणाले. "मी एवढंच विचारलं."

मला वाटलं होतं, रागावतील. रागावले असते तर बरं वाटलं असतं. दादाचं ते वाक्य मला आज कळलं.

दुपारी त्यांनी लग्नकार्याला घालतात तो निळा शर्ट घातला आणि रुमाल खिशात टाकून पायी बाहेर गेले. कुठे ते सांगितलं नाही. परत आले तेव्हा चहा नको म्हणाले. बाहेर झालाय म्हणाले.

रविवार, १६ मार्च

फिल्टर बसवला. माझं ते एका रेषेतलं वेल्डिंग कापून टाकलं. संगणकाला पुन्हा सगळं विचारायला शिकवलं. गाडी पूर्ववत झाली, म्हणजे पुन्हा तुंबणारी झाली.

म्हणून दादा आणि मी हायवेवर गेलो. फोन त्याने माझ्याकडे दिला. अर्धा तास गाडी पळवली. मग जोडलेल्या लॅपटॉपवर काजळीचा आकडा उतरायला लागला. काजळी जळत होती. दादा म्हणाला, "दर रविवारी मी नेत जाईन." मी म्हटलं, "बघू." तो म्हणाला, "मॅडम, एकदा तरी हो म्हणा." मी हो म्हटलं.

शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही असं ठरलंय. लिफ्टऐवजी लाकडी फळी लावून ट्रॉल्या ढकलायच्या. फळी शेडमध्येच होती, भिंतीला टेकवलेली. पहिल्यापासून.

राखाडी झालेल्या चादरी पुन्हा पुन्हा धुतल्या. उतरत नाही. फरशी पुसायला काढल्या. ते आपल्याला चालतं. कापडाचं तसं करता येतं.

सोमवार, २४ मार्च

मावशींना त्याच हॉस्पिटलमध्ये तपासलं. बाबा सोबत गेले होते. डॉक्टर म्हणाले, श्वास थोडा कमी भरतोय, वय आहे, पूर्वीपासूनची वाफही असेल. काही महिने बघू. नेमकं कशाने ते सांगता येणार नाही.

मी बाबांना विचारलं, सांगता येणार नाही म्हणजे काय?

"म्हणजे सांगता येणार नाही," बाबा म्हणाले. "तुझं सगळ्याचं उत्तर निघतं. हे नाही निघणार."

मी त्या विषयावरचे तीन अहवाल वाचले. त्यांच्यातही एकमत नाही.

शनिवार, २९ मार्च

हे खाली लाँड्रीत बसून लिहितेय, बाबांच्या टेबलावर. सुटी आहे. सकाळचा माल फळीवरून गेला. सिस्टरांकडून काही निरोप नाही, म्हणजे सगळं ठीक.

रोलर आतल्या भिंतीला हलवलाय. पट्ट्यांच्या खिडकीला मी बाहेरून फिल्टरचं कापड लावलं आहे आणि रोज संध्याकाळी बदलते. रोजचा तुकडा उजेडात धरून बघते. कालचा जवळजवळ पांढरा होता. जवळजवळ.

अकराच्या सुमारास मावशी आल्या. अर्धाच दिवस, असं त्यांनी बाबांना कबूल केलंय. फळकुट परत आणलं. पहिली चादर रोलरमधून बाहेर आली तेव्हा त्यांनी ती दोन टोकांना धरून खिडकीकडे उचलली, नेहमी करतात तशी, आणि बराच वेळ बघितली. मी इथून त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी घडी घातली आणि गठ्ठ्यावर ठेवली.

मग मला हाक मारली. "इंजिनेरबाई, इकडे ये. पाठमोरी बस."

त्यांनी वेणी घातली. हात गरमच आहेत.  मागे ड्रायर चालू होते. मग मी परत टेबलापाशी आले.

आत्ता त्या एकदा खोकल्या.

रोलरवर वाफ असते, घशात जाते, कोणालाही होऊ शकतं. मी पेन थांबवून ऐकतेय.